मार्गासनीला फोन नव्हता

या सदरातले अनुभव मी वाचते, हसते आणि पान उलटते. पिंपळावरची बाई, वाटेत लिफ्ट मागून गायब होणारा म्हातारा... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही म्हटलं तरी चालेल. तरीही हे लिहितेय, कारण आता ज्यांना वाईट वाटेल अशी माणसंच उरली नाहीत.

सत्तर सालाच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी भोरला टेलिफोन ऑपरेटर होते. नवऱ्याचा मार खाऊन कंटाळले, सासर सोडलं आणि नोकरी धरली. माझ्या माहेरी, मार्गासनीत त्या काळी याहून मोठं पाप नव्हतं. थोरल्या दादाने सांगून टाकलं, "आमच्या दाराला पाय लावू नगंस." चार वर्षं मी लावला नाही. आईची खुशाली बाजाराला येणाऱ्या बायकांकडून कळायची, तेवढीच.

एक्स्चेंज म्हणजे दोन कौलारू खोल्या. एकीत वायरी खुपसून फोन जोडायचा बोर्ड, दुसरीत मेकॅनिक पवार आणि त्यांची हत्यारं. आठ तास डोक्यावर हेडफोन. लोखंडी पट्टी आणि दोन काळ्या टणक चकत्या! तासाभरात कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, ड्यूटी संपेपर्यंत कानशिलं ठणकायची. मी जुन्या लुगड्याच्या गाद्या शिवून बघितल्या, तर आवाज दबायचा. स्पंज लावला, तर घामाने कान चिघळले. किकवीचा व्यापारी ओरडायचा, "बाई, बहिऱ्या झालात का?" त्याला काय सांगणार, की कान शाबूत आहेत, पाळ्या सोलल्यात म्हणून?

शेवटी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. लष्करातून निघालेल्या मालाच्या ढिगात एक हेडफोन मिळाला. पट्टीला कातडं, कानांना मऊ चामड्याच्या उशा. डोक्यावर चढवला आणि तिथेच डोळे मिटले. पवारांनी त्याची पिन बदलून दिली, साहेबांनी काणाडोळा केला. आवाज तर असा स्वच्छ, की भोंगवलीचा पाटील बोलण्याआधी श्वास घ्यायचा तोही ऐकू यायचा. आयुष्यात मला सुख देणाऱ्या वस्तू फार थोड्या, त्यातली ही एक. काम नसतानाही मी तो काढत नसे.

त्या दिवशीही काढला नव्हता. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने तारा तुटलेल्या, बोर्ड सकाळपासून गप्प. दुपारी मी नुसती बसले होते. एकही वायर कुठल्या भोकात नव्हती — हे मी नंतर दहादा आठवून बघितलंय.

कानात खोकला ऐकू आला. आईचा. तो खोकला मी हजारांत ओळखेन.

मग तिचाच आवाज, क्षीण, माझं नाव घेत... "शकू आली का रं?"

"निरोप धाडलाय आई. येती म्हनली." हा दादा.

जरा वेळाने दादाच, पण हळू, "तिला कुनी कळवायचं न्हाई. ती आली तर भावकी दारात उभी ऱ्हायची न्हाई. समदं उरकल्यावर कार्ड टाकू."

"आवो, पन आत्याबाई वाट बघत्यात..." ही वहिनी; सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"गप म्हनलं न्हवं?"

आणि मग काही नाही. मी पवारांना हाक मारली. त्यांनी हेडफोन कानाला लावला, बोर्ड मागून-पुढून तपासला. म्हणाले, "बाई, लाइन मेलीया सकाळधरनं. काय ऐकू येनार?"

त्यांचं बरोबरच होतं. आणि मार्गासनीला तेव्हा फोनच नव्हता. आसपासच्या गावांतले सगळे नंबर मला तोंडपाठ होते.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं — लाइनवर कानावर पडलं ते कानातच ठेवायचं. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाची बायको पळालीय, सगळं ऐकायचं आणि पुढची वायर लावायची. त्याची इतकी सवय झाली होती, की आईचा आवाजसुद्धा मी तसाच बाजूला ठेवला. मनाशी म्हटलं, शकू, चार वर्षं दादावर दात धरून बसलीयस, आता तुझंच डोकं त्याच्या आवाजात बोलायला लागलंय. चहा मागवला, प्यायले आणि ड्यूटी पूर्ण केली.

चौथ्या दिवशी आई गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं.

मी गेले. दादा दारातच म्हणाला, "अचानक झालं समदं. निरोपाला मानूस न्हवता." मी त्याचंच बोलणं त्याला ऐकवलं, शब्दाला शब्द. भावकी, कार्ड, 'गप म्हनलं न्हवं', सगळं. त्याचं तोंड पांढरं पडलं. मग तो माझ्याकडे नाही, वहिनीकडे वळला. "तू सांगितलंस?"

तिने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी बोर्डाची हकीकत सांगितली, तर दादा म्हणाला, "तिला वाचवाया बघतीयास व्हय?" मी तरी असलं काही मानलं असतं का? पुढे दादा जगला तोवर वहिनी त्याच्या लेखी घरभेदी होती. तिच्या भावाच्या लग्नालाही त्याने तिला जाऊ दिलं नाही. आणि याला कारण मी.

तो हेडफोन त्यानंतर दोन वर्षं वापरला. पुन्हा कधी काही आलं नाही. खोटं कशाला बोलू, मी वाट बघायचे.

दादा वारल्यावर एकदा वहिनी भोरला माझ्या खोलीवर आली. चहा झाल्यावर म्हणाली, "वन्सं, आता तरी खरं सांगा. कुनी सांगितलं तुमास्नी?"

मी पुन्हा तेच सांगितलं. ती चकित झाली नाही की हसली नाही. एवढंच विचारलं, "कवा ऐकलंत?"

"त्याच दुपारी. दोनच्या सुमाराला."

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आत्याबाई दिस मावळंस्तवर होत्या," ती म्हणाली. "रस्त्याला गाडी वाजली की डोळं उघडायच्या." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमास्नी दोनलाच कळलं हुतं, तर मंग आला का न्हाई?"

तो आवाज कुठून आला, कसा आला, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर सांगा. त्या दुपारी भोरहून तीनची गाडी होती. चेलाडी फाट्यावर बदलली असती, तर उजेड असतानाच घरी पोचले असते.