डिझेलचं झाड

मी हिंगोलीला कॉलेजात होते, तेव्हा बाबांनी माळावरच्या रानात मोगली एरंड लावला. त्याच्या बियांच्या तेलावर गाड्या चालणार, असं त्यांना बाळापूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. पाणी नको, राखण नको, ढोरं तोंड लावत नाहीत.

शेजारच्या तांड्यावरची म्हातारी त्या बांधावर शेळ्या चारायची. झाडं कमरेला लागली तेव्हा ती म्हणाली, "शेळी समदं खाते. हे काहून खात न्हाई?"

"म्हणून तर लावलं," बाबा म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. आधी फोडलेल्या बिया अंगणात ताडपत्रीवर वाळत होत्या. मी आणि माय रानात फळं फोडत बसलो. झाडाखाली गवताची काडी नव्हती. चिकानं बोटांवर तपकिरी डाग पडत होते, ते साबणानंही जात नव्हते.

मायनं एक बी सोलून खाल्ली. "शेंगदाण्यावानी लागून राहिलं," म्हणत तिनं आणखी खाल्ल्या. मला दिली ती माझ्या मुठीतच राहिली.

थोड्या वेळानं ती बांधाकडं गेली आणि ओकली, पुन्हा ओकली. "घशात जळून राहिलंय गं." तिचे हात गार पडले होते. बाबांनी रस्त्यावर जीप अडवली.

बाळापूरच्या दवाखान्यात सलाईन लावल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं. मी मूठ उघडली. त्यांनी बी बघितली आणि बाबांना विचारलं, "घरी आणखी आहेत?"

"अंगणात वाळत घातल्यात."

"घरात लेकरं?"

माझ्या भावाची दोन होती. बाबा चप्पल न घालताच बाहेर पळाले.

मी मायजवळ बसून राहिले. ती डोळे मिटून, "लेकरं कुठं हायत?" एवढंच विचारत होती.

दिवेलागणीला बाबा परत आले. ते घरी पोचले तेव्हा लेकरं ताडपत्रीवर बसून दुकान-दुकान खेळत होती. धाकटीच्या तोंडात बी होती, तिनं ती दातांनी नुकतीच सोलायला घेतली होती. वहिनीनं बोट घालून काढली. दोघंही बरी होती.

माय तिसऱ्या दिवशी घरी आली. बिया घ्यायला कुणी आलं नाही. बाबांनी सगळी झाडं तोडली. पुढच्या पावसात बुंध्यांना फूट आली. त्यांनी पुन्हा तोडली आणि ती पुन्हा फुटली.