पुरी चन्नो

चन्नण कौर लग्न होऊन गावात आली, तेव्हा तिच्या सासऱ्याला सगळं गाव अमली म्हणायचं आणि म्हातारा त्यावर खूश असायचा. नरैण सिंग सकाळी चहाबरोबर मिरीएवढी अफू गिळायचा नि दिवस बुडेपर्यंत गहू कापायचा. लग्नाकार्यात अमल्यांचे विनोद सुरू झाले की तोच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. अफू मिळाली नाही तर मात्र बाजेवर कण्हत पडायचा. "तोट लागलीय यांना. चन्नो, डबी आण," सासू ओरडायची. चन्नोनं त्याच्या जिभेवर गोळी ठेवली की घटकाभरात म्हातारा विळा घेऊन उभा!

नशेबद्दल चन्नो शिकली ते एवढंच. आग लागो त्या शिकण्याला.

पुढं सीमेपलीकडून चिट्टा आला, हेरॉइनची पुडी. चिट्टा म्हणजे पांढरा; चन्नोच्या तोंडी तो शब्द बैलासाठी होता, कापसासाठी होता, नवरा गेल्यावर डोक्यावर आलेल्या ओढणीसाठी होता. आता त्या पुडीनं शब्द नासवला. अमली म्हटलं की कुणी हसेना. घरातली भांडी विकणारा, आईवर हात टाकणारा, तो अमली. चन्नोचा एकुलता एक मीता असलाच अमली झाला. त्याची बायको रुपिंदर मुलीला घेऊन माहेरी गेली. जाईल नाहीतर काय करील?

थंडीत चन्नोनं मीत्याला साखळीनं बाजेला बांधला. गावातल्या बऱ्याच आयांनी हेच केलं होतं. किल्ली ओढणीच्या गाठीत. तो ओकायचा, आईला नको नको त्या शिव्या द्यायचा. ती तोंड पुसायची नि पुन्हा घास भरवायची. बैसाखीपर्यंत पोराच्या गालावर मांस आलं, साखळी सुटली. रुपिंदरचा निरोप आला: स्वतःच्या हातानं पीक कापलंन तर परत येते.

कापणीच्या पहिल्याच दिवशी मीता बांधावर बसला. "बेबे, हातात विळा ठरत नाही गं. एकदाच आणून दे. कापणी होऊ दे, मग तूच साखळी घाल."

चन्नोला सासरा आठवला. नशेनं माणूस उठतो, तोट लागली की पडतो. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मीत्याला पाठवला असता तर तो परत आलाच नसता. म्हणून तालुक्याच्या वाटेवरल्या वीटभट्टीमागं ती स्वतः गेली.

"ये चाची, ये!" पुड्या विकणारा गोगी दात काढून म्हणाला. "आता तूही गिऱ्हाईक?"

"मीत्यासाठी हवी. पहिल्यासारखी पुरी दे. अर्धपोटी माणसाकडून काम होत नाही."

नशा सुटलेल्या अंगाला जुनी मात्रा पेलत नाही, हे गोगीला पक्कं ठाऊक होतं. हलकट गप्प राहिला.

पुडी घेऊन मीता टाहलीच्या झाडाखाली आडवा झाला. चन्नो शेजारी विळा घेऊन बसली, घटकाभरात उठेल म्हणून. माश्या वारत बसली. शेजारची ज्ञानो ताक घेऊन आली, तिनं त्याच्या नाकाशी हात धरला आणि किंचाळली.

रुपिंदर आली ती अंत्यसंस्कारालाच. सगळ्यांदेखत सासूला म्हणाली, "साखळी बरी होती गं तुझी! आईच्या हातून मेला माझा नवरा." कुणी तिला अडवलं नाही. उलट चन्नोनं पुरी मागितल्याची गोष्ट गोगीनं गावोगावी हसत हसत सांगितली.

पुढच्या वर्षी चन्नो तालुक्याच्या बस अड्ड्यावर उभी होती. पाठीमागं परगावचे दोघे जण कुजबुजत होते.

"पुरी चन्नो घेऊ नकोस हं. अर्धीच घे."

नाव ऐकून ती सवयीनं वळली. "काय रे पुत्तर?"

"तुला नाही बेबे," एक जण हसला. "हा दवाखान्यातून सुटून आलाय. सुटल्यावर पुरी घेतली की माणूस उठतच नाही. तिला चन्नो म्हणतात."

"का म्हणतात?"

"कुणास ठाऊक! सगळेच म्हणतात."

चन्नोनं दुसऱ्याचं मनगट धरलं. "अर्धीसुद्धा घेऊ नकोस रे. पाया पडते तुझ्या."

"आमची बेबेपण असंच रडते," तो हात सोडवत म्हणाला. त्याला थोडी दया आली असावी. "कुठली तू? नाव काय तुझं?"

'च' ओठांवर आला तोच तिनं ओढणी तोंडावर दाबली.

"मीत्याची आई," ती शेवटी म्हणाली. तोवर ते दोघे वीटभट्टीच्या वाटेला लागले होते.