टलॉक मुकादमाची सहा मैलांची हद्द

ड्रायबर्नचे रूळ उखडून नेले, त्या वर्षी नोलीन टलॉक अट्ठेचाळीस वर्षांची होती. या सहा मैलांच्या तुकड्याची आता कोणाला गरज नाही, असं रेल्वेने पत्राने कळवलं. पत्र तिच्या नवऱ्याच्या, आयव्हरच्या नावाने होतं. तो त्या तुकड्यावरचे रूळ सांभाळणाऱ्या गँगचा मुकादम; तेव्हा त्याचीही गरज नाही, हे वेगळ्या पत्राने कळवायची तसदी रेल्वेने घेतली नाही.

दहा वर्षांनी त्याच वाटेवर बारीक खडी अंथरली गेली आणि जिथून सगळे उठून गेले होते, ती जागा बघायला लोक सायकलवरून येऊ लागले. शनिवार-रविवारी ऑकलंडहून विमानाने यायचं, ओटागोच्या उजाड टेकड्यांमधून दोन दिवस पायडल मारायचं आणि सोमवारी ऑफिसात लंगडत जायचं, याला ते विश्रांती म्हणत. आधी त्यांनी दारात पाणी मागितलं, मग चहा, मग पाठ टेकायला जागा. नोलीनने चार खोल्या रंगवल्या आणि फाटकावर 'मुकादमाचं घर' अशी पाटी लावली. दिवसभर सायकल चालवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना बसवत नसे. न्याहारी ते उभ्यानेच करत आणि देखाव्याची तारीफ करत.

देखाव्याबद्दल नोलीनला फारसं म्हणायचं नव्हतं. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती इथे आली, तेव्हा धुणं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वाळवावं लागे; उशीर झाला की चादरींवर इंजिनाची काजळी. देखावा तेव्हाही हाच होता.

आयव्हरचं विसरणं शेवटाकडून सुरू झालं. आधी कालचा दिवस गेला, मग सायकलवाले गेले, मग रेल्वेचं ते पत्र गेलं. पत्र गेल्यावर तो पुन्हा कामावर रुजू झाला. रोज सकाळी सातला लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून तो निघे, जिथे रूळ नव्हते तिथे ठोकून कान देई आणि समाधानाने पुढे जाई. बाराच्या ठोक्याला जेवायला हजर. नोलीन त्याला अडवत नसे. ज्या दिवशी अडवलं, त्या दिवशी तो चार तास दाराच्या कडीशी झटत राहिला होता.

गेल्या जुलैत, ऐन हिवाळ्यात, मात्र तो बाराला आला नाही. संध्याकाळी सापडला तो उंच पुलापलीकडे, कडाक्याच्या हिवात, बोटं लाकडासारखी झालेली. डनीडनहून मुलगी आली, रेविन.

"आई, आणखी एकदा असं झालं ना, तर मी तुला विचारणार नाही. वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवलीय."

"कुंपण आहे तिथे?"

"आहे."

"मग तो मरेल."

"आणि इथे काय, हिवात बसून चिरंजीव होणार आहे?"

दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे बोलणं तिथेच थांबलं. त्या दिवसापासून नोलीनला एकच काळजी: ते 'आणखी एकदा' होऊ द्यायचं नाही.

ईस्टरला चारही खोल्या भरल्या. आठ माणसांच्या चादरी, न्याहाऱ्या, डबे. नवऱ्यामागे फिरणं शक्यच नव्हतं. अशात सायकलवाटेच्या समितीचा चिटणीस क्लाइव्ह आला. पाहुण्यांच्या वहीत कोणीसं लिहून गेलं होतं, 'मुकादमाची भूमिका करणारे आजोबा अप्रतिम.' क्लाइव्हच्या ते मनात भरलं होतं.

"ईस्टरपुरता त्याला जुन्या वेशात काढ ना, नोलीन. तसाही तो जातोच."

नोलीनने रात्रभर विचार केला. वेशात असला की लोकांच्या नजरेत राहील. फोटो काढतील, बोलतील, वाट सोडून गेला तर सांगत येतील. आठ-आठ पहारेकरी, तेही फुकट. तिने पेटीतून जुनं जाकीट काढलं. त्याखाली लाल झेंडा होता. त्याला इस्त्री केली आणि दोन्ही वस्तू त्याच्या खुर्चीवर ठेवल्या.

शनिवारी न्याहारीला आयव्हर खुशीत होता.

"दहा-दहाची मालगाडी आहे," तो पाहुण्यांना म्हणाला. "खिंडीत रेंगाळू नका."

"मालगाडीत काय असतं, मुकादम?" सकाळपासून अखंड बडबडणाऱ्या ब्रेंडन नावाच्या एका दंतवैद्याने विचारलं.

"मेंढ्या. ऑकलंडचे ना तुम्ही?"

"हो! कसं ओळखलंत?"

"मेंढ्या मधे श्वास घ्यायला तरी थांबतात."

टेबल हसून लोटपोट झालं. ब्रेंडनची बायको म्हणाली, "किती भूमिकेत शिरलेत हो!" नोलीनने तिच्यासमोर आणखी एक अंडं ठेवलं.

पुढचं तिला तुकड्या-तुकड्याने कळलं. दहाच्या सुमारास खिंडीच्या उतारावरून चौघं येत होती. गाडीची वेळ आणि रुळांवर माणसं. आयव्हर वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि नियमाप्रमाणे, पूर्ण हात फिरवून त्याने झेंडा दाखवला. पुढचे तिघे ब्रेक दाबून हसत थांबले. ब्रेंडनने फोन काढला. चौथी, हॅमिल्टनची शिक्षिका फिलिपा, टेकड्या बघत येत होती. तिला झेंडा दिसला नाही, फक्त आडव्या उभ्या तीन सायकली दिसल्या. तिने हँडल वळवलं आणि ती भरावावरून पंधरा फूट खाली दगडांत गेली.

चीज रोलना लोणी लावत असताना नोलीनला हेलिकॉप्टरचा आवाज आला. ती पोचली तेव्हा आयव्हर त्या बाईच्या उशाशी गुडघ्यांवर बसला होता. जाकीट तिच्या अंगावर, तिचं डोकं त्याच्या दोन्ही तळव्यांत, आणि तो ते तसूभर हलू देत नव्हता. याने मान धरून ठेवली नसती तर बाई इथेच गेली असती, असं हेलिकॉप्टरवाले म्हणाले. ती गेली नाही. पाय तेवढे कायमचे गेले.

"मी नियमाने केलं, नोल," आयव्हर म्हणाला. "गाडी थांबली ना?"

"थांबली."

हवालदार वही काढून उभा होता. क्लाइव्हचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"झेंडा त्याला कुठून मिळाला कोण जाणे," क्लाइव्ह म्हणाला. "घरात कुठेतरी पडलेला असेल, त्याने शोधला असेल. हो ना, नोलीन?"

"मी दिला," नोलीन म्हणाली. "इस्त्री करून."

रेविनने शब्द पाळला. आईला विचारलं नाही. मंगळवारी सकाळी आयव्हरला वृद्धाश्रमात न्यायला तिची गाडी दारात आली. नोलीन पहिले चार दिवस डनीडनला त्याच्याजवळ राहणार होती. तिची आणि त्याची बॅग डिकीत ठेवून झाली. पण आयव्हर गाडीत बसेना.

"बदली माणूस कुठाय? हद्द कोणाच्या ताब्यात देऊ?"

"बाबा, हद्द राहिलीच नाहीये. रूळ कधीच गेले."

त्याने मुलीकडे असं पाहिलं, की ती मागे सरली. मग सोबत आलेला हवालदार पुढे झाला. "मी आहे ना बदली. द्या मला."

"पुलावर रुळांखाली स्लीपर किती?"

हवालदाराने नोलीनकडे पाहिलं.

"याला देऊन गाडी पाडू?" म्हणत आयव्हर व्हरांड्याच्या पायरीवर बसला. एक तास गेला. रेविनने समजावलं, रडली, शेवटी दंडाला धरून ओढलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने खांब दोन्ही हातांनी धरला.

नोलीन त्याच्यासमोर येऊन ताठ उभी राहिली.

"दोनशे अकरा," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "पाणी कुठे तुंबतं?"

"तिसऱ्या मोरीपाशी, डाव्या हाताला."

"हिवं पडलं की?"

"रूळ आखडतात. जोड बघायचे, पुलाकडून सुरुवात करायची." सव्वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"हद्दीत काही विशेष?"

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं ठीक."

"मग घे. आता तुझी." खांब सोडून त्याने तिच्याशी हात मिळवला, गँगमधल्या माणसाशी मिळवावा तसा, आणि गाडीत जाऊन बसला. खांद्यावरचं ओझं उतरलेल्या माणसासारखा तो दिसत होता. रेविनला म्हणालासुद्धा, "हवा छान आहे, नाही?"

नोलीनने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"तू कुठे?" आयव्हरने विचारलं.

"तुझ्याबरोबर."

"आत्ता ताब्यात घेतलीस ना? हद्द सोडून?" त्याने पट्टा सोडायला घेतला. एक पाय बाहेरही आला.

नोलीनने त्याचा पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला आणि दार बंद केलं.

"आई, बस तू," रेविन काचेतून कुजबुजली. "पाच मिनिटांत विसरेल तो."

"हे नाही विसरायचा. निघ तू."

गाडी फाटकाबाहेर पडली, पुलाच्या रस्त्याला लागली. नोलीनची बॅग डिकीतच राहिली होती. चार दिवसांचे कपडे होते तिच्यात.