बाचं ट्रम्पेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या बापाला वाजवताना ऐकलेलं नाही — ऐकलं असतं तर सांगायची हिंमत झाली नसती.

बा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. तरुणपणी तो नागपूरच्या गिरणीत होता आणि संध्याकाळी एका गोवेकर मास्तरांची वाद्यं उचलायला साहेबांच्या क्लबात जायचा. तिथं मोठा बँड होता, जॅझ वाजवणारा. बा सांगायचा, "सारे बसून वाजवत. पन मास्तराची पाळी आली का तो एकटाच उभा राहे. नाचनारे सायेब बी थांबून पाहत." त्या मास्तरांनीच त्याला शिकवलं, आणि क्लब सोडताना आपलं जुनं ट्रम्पेट देऊन गेले.

पुढं बा गावाकडं परतला. रिसोडकडच्या वरातीत सिनेमाचं गाणं संपत आलं की बा नारळाची अर्धी करवंटी ट्रम्पेटच्या तोंडाशी धरायचा, उघडझाप करायचा आणि शेवटचा सूर असा वाकवायचा, जणू कोणी रडता रडता बोलतंय. नाचणारी पोरं थांबत. उभी राहून ऐकत.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. त्याचा मला अभिमान आहे, आजही. फी कशातून गेली? त्याच ट्रम्पेटमधून.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. कॉलेजातल्या एका मित्राच्या भावाचं लग्न, पाटलांचं घर. मी वरातीत, इस्त्रीची पँट घालून. समोर बा, बँडच्या लाल कोटात. मित्रानं मला कोपरानं ढोसलं. "म्हातारा भल्ला वाजवून राह्यला बे. कोन हाय?" टोमणा नव्हता तो, कौतुक होतं. मी म्हणालो, मले काय माहीत. बानं माझ्याकडे पाहिलं — आणि ओळख दाखवली नाही. माझी सोय केली त्यानं.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. नाही. हे त्यामानानं लहान आहे.

पुढच्या आठवड्यात विहारात बैठक होती. धर्मांतरानंतर आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, दुसऱ्याच्या दारात डफडं वाजवणं सोडलं. बरोबरच केलं, त्याबद्दल मला शंका नाही. मी उठलो आणि म्हणालो, मग हे ट्रम्पेट कशाला? दारापुढं वाजवणं ते वाजवणंच. गुलामी पितळेची असली म्हणून काय झालं? टाळ्या पडल्या. कशा पडल्या, ते अजून कानात आहे.

ते शब्द खरे होते. माझ्या माणसांनी मार खाऊन मिळवलेले. आणि मी ते कशासाठी वापरले? — पुन्हा कोणत्या वरातीत मला कोणी विचारू नये, हा कोण, म्हणून. ट्रम्पेट बाला कुठल्या गावकीनं दिलं नव्हतं, ते त्याची स्वतःची कमाई होतं. हे त्या बैठकीत माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? माहीत होतं, आणि बोललो.

बा मागं बसला होता. तो उभा राहिला. "पोरगं शिकेल हाय. बरोबरच बोलत असन." एवढंच. घरी येऊन त्यानं ट्रम्पेट आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि खुंटीला लावलं. पुन्हा काढलं नाही. आल्यागेल्याला मात्र सांगायचा, "माह्या पोरानं मले शायनं केलं." मी शेजारी बसून ऐकायचो.

बाजेवर बसला की त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर वरखाली होत. ट्रम्पेटला तीनच कळा असतात. आई म्हणायची, वात असन. मी म्हणायचो, असन.

तीन वर्षांत बा गेला. तेवढ्या काळात एकदा तरी खरं बोलता आलं नसतं?

यंदाच्या उन्हाळ्यात रिसोडच्या बाजारातून वरात चालली होती. मी आता शाळेत मास्तर आहे, पोरांना खरं बोला म्हणून सांगतो. पुढच्या तरण्या वाजवणाऱ्यानं गाणं संपवताना करवंटी धरली आणि शेवटचा सूर वाकवला — तसाच, अगदी तसाच. बाच्या बँडमधल्याच कोणाकडून त्याच्यापर्यंत आला असणार. नाचणारी पोरं थांबली. शेजारच्या दुकानदारानं मला विचारलं, "गुर्जी, हे करवंटीचं वाजवनं आपल्याकडं कोनं आनलं हो?"

मी म्हणालो, मले काय माहीत.