ताईला जाडा वाटा

गल्लीत त्याला सगळे उजेडराव म्हणत. फायबरची लाइन टाकणारा माणूस तो. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडायच्या आणि जोडताना किती उजेड वाया गेला ते मीटरवर बघून हळहळायचं, हा त्याचा दिनक्रम. जोड वाकडा बसला, उजेड गेला. तार दुमडली, उजेड गेला. या बाबतीत तो पक्का चिक्कू होता. "घरातले दिवे मात्र ह्यांना विझवायला आठवत नाहीत," असं बायको म्हणायची.

ऑफिसातून निघालेली एकच तार अख्ख्या गल्लीला पुरवायची, तर वाटेत जागोजागी स्प्लिटर बसवावे लागतात. स्प्लिटर म्हणजे एक चपटी डबी. आलेल्या उजेडाचे ती दोन वाटे करते, एक जाडा, एक बारीक. जवळच्या इमारतीला बारीक वाटा द्यायचा आणि जाडा पुढे सोडायचा, कारण त्याला लांबचा पल्ला गाठायचा असतो.

गल्लीतली पहिलीच इमारत ताईची. थोरली बहीण, आईच्या माघारी तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. आता ती घरबसल्या कॉम्प्युटरवर गाणं शिकवायची. तिची लाइन टाकताना उजेडरावानं रीतभात गुंडाळून ठेवली. जाडा वाटा ताईला, बारीक पुढच्यांना. मीटरवर असा भरघोस आकडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. स्वारी खूश!

आणि नेमकी ताईचीच लाइन रडायला लागली. गाणं रंगात आलं की मोडेमवर लाल दिवा. शिष्य एकेक करून गळू लागले. "या आठवड्यात नीट झालं नाही तर क्लास बंद करते बाबा," ताई म्हणाली. ती चिडली असती तर बरं, पण ती चिडलीही नाही. त्याला फार वाईट वाटलं.

त्यानं मोडेम बदलला, जोड पुन्हा केले, टोकं पुसून लख्ख केली. आकडा आपला दणदणीतच. तिकडे गल्लीच्या टोकाचा शिंपी वेगळाच बोंबलत होता, त्याच्यापर्यंत उजेड धड पोचतच नव्हता. उजेडरावाचं डोकं चालेना.

एका दुपारी क्लास पुन्हा मध्येच तुटला. तो मोडेम सरकवायला गेला आणि तार त्याच्या बोटाभोवती करकचून वळली. आता उरलासुरला उजेडही गेला, असं म्हणत तो जीभ चावतोय, तोच लाल दिवा जाऊन हिरवा लागला. कॉम्प्युटरमधून एका मुलीचा सूर आला. त्यानं तार सोडली. लाल. पुन्हा वळवली. हिरवा.

उजेड कमी नव्हताच, जास्त होता! मोडेमचे डोळे दिपत होते. असं होऊ शकतं हे त्यानं शिकताना ऐकलं होतं, पण जन्मभर टंचाईशी झगडणाऱ्याला ते सुचणार कसं?

"ताई, तुझा वाटा कमी करावा लागेल," तो ओशाळून म्हणाला.

"मग कर की. एवढा दिला कुणी?"

"मीच."

"काय पण उजेड पाडलास!"

खाली जाऊन त्यानं डबी उघडली आणि वाट्यांची अदलाबदल केली. वर येईपर्यंत शिंप्याचा फोन आला, लाइन सुरू झाली म्हणून. आत ताईचा क्लास रंगला होता. तो दाराशी उभा राहून ऐकत राहिला. दिवा हिरवाच होता. त्याला अगदी हलकं हलकं वाटलं.

क्लास संपवून ताई बाहेर आली. "जास्तीचं द्यायला तुला सांगितलं कुणी होतं?"

"कुणी नाही. तुला काहीतरी द्यावंसं वाटत होतं."

"लाइन बिघडली की धावत येतोस," ती म्हणाली. "एरवी दारावरून जातोस, पण वर येत नाहीस."

तो हत्यारांची पिशवी उचलायला वाकला.

"राहू दे ती," ताई म्हणाली. "आता काहीच बिघडलेलं नाही. बस."