पुढच्या सीटचं दार

“डायवर काही बोलस नही, नी मॅडम बी बोलस नही. दोन्ही मुकाच शेतस का काय?”

पारोळ्याच्या गॅरेजमधला म्हातारा मिस्त्री शेजारच्या चहावाल्याला म्हणाला आणि दोघं हसले. मी गाडीत मागच्या सीटवर होते, काच खाली होती. अहिराणी मला बोलता येत नसे, पण आईमुळे सगळी समजायची. मिस्त्री ज्यांना डायवर म्हणत होता ते माझे पप्पा होते. चार पावलांवर, बॉनेट उघडून ते रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. त्यांनीही ऐकलं असणार. ते ओतत राहिले.

मिस्त्रीला तरी काय दोष द्यायचा? लांब जायचं असलं की पप्पा खाकी पँट घालायचे, डाग दिसत नाहीत म्हणून. मी मागे, मांडीवर इंग्रजी पुस्तक. जळगावहून निघाल्यापासून एरंडोलला त्यांनी एकदाच “पाणी हवं?” विचारलं होतं आणि मी “नको” म्हटलं होतं.

आई असताना ती पुढे, पप्पांच्या डाव्या हाताला बसायची, अर्धी मागे वळून. आमचं बोलणं तिच्यामार्फत चाले. “तिला विचार, परीक्षा कधी आहे.” “अगं, पप्पा विचारताहेत, परीक्षा कधी?” मी तिला सांगायची, ती त्यांना. एका गाडीत बसून हे असं चालतं, यात मला काही वेगळं वाटत नव्हतं. ती गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. तिच्या जागेवर आता पाण्याचा थर्मास आणि पप्पांची फाइल असायची. मी मागेच बसत राहिले. पुढे ये, असं त्यांनी म्हटलं नाही. येऊ का, असं मी विचारलं नाही.

त्या दिवशी ते मला धुळ्याच्या होस्टेलवर सोडायला निघाले होते. नंतर थेट दिवाळीला भेट. आज पुढे बसायचं, असं मी आदल्या दिवसापासून मनाशी ठरवलं होतं. निघताना पुढच्या दाराचं हँडल ओढलंही. ते हललं नाही. “अडकलंय ते,” पप्पा म्हणाले, आणि मी निमूट मागे जाऊन बसले.

पाणी भरून झाल्यावर मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली. जुनी गाडी बघून त्याचे डोळे चमकत होते. त्याने तेच हँडल ओढलं. मग माझ्या खिडकीशी आला.

“मॅडम, हे दार तर बसलंय. तारेनी बांधी देऊ का? तुम्ही मागं बसता, डायवर त्याच्या बाजूनी चढतो. इकडून कोण चढणार आहे?”

मी पप्पांकडे बघितलं. ते हात पुसत होते. मालकीण मी, असं समजून मिस्त्री मलाच विचारत होता. मी मान हलवली. नको.

“मग खोलायचं?”

मी पुन्हा मान हलवली. हो.

तो उजवीकडून आत शिरला, थर्मास आणि फाइल मागे माझ्याकडे दिली आणि दाराचं आतलं रेक्झिनचं अस्तर उचकटलं. आत पत्र्याची अंधारी पोकळी. त्यात हात घालून त्याने खटक्यावर रॉकेल सोडलं. बोटांना लागून आलं ते काळं, वाळकं ग्रीस, त्यात कपाशीचे तंतू चिकटलेले.

“डायवर, बाहेरून हँडल ओढून धरा. मी आतून दांडी ढकलतो.”

पप्पांनी ओढून धरलं.

“जोरमा भो! सकाळी जेवना नही का?”

चहावाला पुन्हा हसला. पप्पांच्या मानेवर घाम आला होता. हे माझे पप्पा आहेत, असं सांगावं, असं मला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा मी पुस्तकाचं पान उलटलं.

“साहेब काय करतात?” आत वाकल्या वाकल्या मिस्त्रीने विचारलं.

“पाटबंधारे खात्यात आहेत,” पप्पा म्हणाले.

“सोबत नाही आले?”

पप्पांनी हँडलवरची पकड बदलली. “वेळ मिळत नाही त्यांना,” ते म्हणाले.

कोणाच्या तरी गैरसमजामागे असं सहज उभं राहता येतं, हे मला ठाऊक होतं. कॉलेजात मुली मला गर्विष्ठ समजायच्या आणि मी समजू द्यायची. पण ही सवय मला कुठून आली, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

खट् असा आवाज झाला आणि दार एकदम उघडलं. पप्पा दोन पावलं मागे गेले.

“डायवर, हे रोज एक डाव उघडत जा,” मिस्त्री त्यांना दटावत म्हणाला. “वापरलं नाही तर पुन्हा बसेल.”

“हो,” पप्पा म्हणाले.

नवं ग्रीस लावून, अस्तर ठोकून मिस्त्रीने दार चारदा उघडून मिटून दाखवलं. पाय मोकळे करायला मी खाली उतरले होते. पप्पा स्टिअरिंगशी जाऊन बसले. मिस्त्रीने फडक्याने हात पुसले आणि अदबीने माझ्यासाठी मागचं दार धरलं. आतमध्ये माझं पुस्तक, थर्मास, फाइल. मी तिथेच उभी राहिले. मिस्त्री बघत होता. पप्पांनी इंजिन सुरू केलं आणि मी बसले की नाही ते पाहायला मान वळवली.

“पप्पा,” मी म्हटलं, “मी पुढे बसते.”