रस्त्यावर बघायला बंदी नाही

कार्ड भरलं की मी पाय पसरून बसते आणि फोटो पुसते. शंभरातले अठ्ठ्याण्णव जातात, आणि गेले तरी वाईट वाटत नाही. किश्श्यांचं तसं करता येत नाही. एक सांगायला घ्यावा तर मागनं दुसरा येऊन उभा राहतो, आणि आमच्या चौघांत कुणाला तरी तिसरा आठवतोच.

चौघं म्हणजे शिवराज मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, आमचे गुरू. खाजाभाई, तीस वर्षं लग्नाचे फोटो काढलेला स्टुडिओवाला. रेणुका, मेडिकलचं दुकान चालवते, वयानं सगळ्यांत लहान, फोटो फक्त मोबाईलवर काढते. आणि मी शारदा. माहेर मंठाळ, सासर अफजलपूर, नोकरी गुलबर्ग्यात, सरकारी कचेरीत क्लार्क. दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही स्टेशनसमोर चहा पितो आणि नऊ वाजेपर्यंत रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढत फिरतो. कशासाठी, हे अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही. आता आम्ही पटवायचंच सोडलंय.

*

पन्नाशीला तीन वर्षं राहिली असताना मी कॅमेरा घेतला. कचेरीत शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, "मॅडम, टूरला जायलात का कुठं?"

"न्हाई. रस्त्यावरचे फोटो काढणार हाय."

मी एवढंच बोलले. ते कचेरीत फिरत फिरत कुठं जाऊन पोचलं देव जाणे. चार दिवसांनी एक गृहस्थ अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभे.

"मॅडम, आमच्या गल्लीत मोठा खड्डा पडलाय. रस्त्याचे फोटो तुमच्याकडं हायत म्हणे. तेवढा एक काढा की."

मी म्हटलं, "काका, मी खड्ड्यांचे न्हाई काढत. माणसांचे काढते."

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "मग आमची माणसं खड्ड्यात उभी करतो."

रविवारी गेले. खरंच उभी केली होती. सात जण, ओळीनं, कमरेवर हात, गुडघ्यापर्यंत खड्ड्यात. माझा पहिला बरा फोटो तो.

*

त्यानंतरचे दोन महिने मात्र मी लांबूनच काढत होते. मोठी झूम लेन्स लावायची, झाडाच्या किंवा टपरीच्या आडोशाला उभं राहायचं आणि कुणाचं लक्ष नसताना बटण दाबायचं. कुणी वळून बघितलं की मी आभाळाकडं बघायची.

मास्तरांनी एका रविवारी चहा पिता पिता चाळीस फोटो बघितले. शेवटचा बघून कॅमेरा परत दिला.

"शारदा, गावानं तुझ्यावर बहिष्कार टाकलाय का?"

"कामून मास्तर?"

"सगळे पाठ करूनच उभे हायत."

आणि त्यांनी माझी झूम लेन्स काढून आपल्या पिशवीत टाकली. पिशवीत मेथीची जुडी होती. मला छोटी लेन्स लावायला लावली आणि म्हणाले, "माणूस खोकला तर तुला ऐकू आलं पाहिजे, एवढ्या जवळनं काढ."

त्याच दिवशी आम्ही गंजात गेलो, तुरीचा बाजार भरतो तिथं. एक बाई सुपानं तूर पाखडत होती. धुरळा एवढा की ती खरोखरच खोकत होती. मी सहा पावलांवर थांबले. मास्तरांनी मागून खूण केली, पुढं हो. चार पावलांवर थांबले. पुढं हो. दोन पावलांवर गेल्यावर त्या बाईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं टक लावून बघितलं. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार.

ती म्हणाली, "अक्का, खोकल्याचा फोटो येतो व्हय?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता ती पुन्हा खोकली. तेवढ्यात मी बटण दाबलं. झूम लेन्स मास्तरांच्या पिशवीतच राहिली. मी नंतर कधी मागितलीच नाही.

*

खाजाभाईची अडचण उलटी. त्याला जवळ जायची भीती नाही. तीस वर्षं नवरीच्या मामापासून नवऱ्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांना त्यानं हातानं धरून उभं केलंय. रस्त्यावरही त्याचा हात आपोआप पुढं जायचा. हमालाची कॉलर सरळ करायचा, फुलवालीला हनुवटी दाखवून म्हणायचा, "अम्मा, ठुड्डी ज़रा नीचे."

मास्तर त्याला सारखे सांगत, "खाजा, हात लावू नको. जे चाललंय ते चालू दे."

एकदा भाजी बाजारात एक गिऱ्हाईक आणि एक वांगीवाला कचाकचा भांडायला लागले. वांगी किडकी निघाली होती. दोघांच्या मानेच्या शिरा ताठलेल्या, मागनं कोवळं ऊन. असा फोटो वर्षातनं एकदा मिळतो. खाजाभाईनं कॅमेरा लावला, पण वांगीवाल्याचा चेहरा सावलीत होता. त्याला राहवलं नाही.

"भाई, रुको. वैसाइच गुस्सा और एक बार करो. ज़रा इदर होके. लाइट इदर है."

दोघं भांडायचे थांबले. एकमेकांकडं बघितलं, मग खाजाभाईकडं. मग दोघंही मिळून त्याच्या अंगावर आले. खाजाभाई पुढं, गिऱ्हाईक आणि वांगीवाला मागं, पार रिक्षा स्टॅंडपर्यंत. परत येताना मात्र ते दोघं बोलत बोलत आले, आणि वांगीवाल्यानं वांगी बदलून दिली.

मास्तर म्हणाले, "खाजाच्या हातनं फोटो न्हाई निघाला, पण तंटा मिटला."

*

मोठ्या शहरातले एक फोटोग्राफर इथल्या कॉलेजात शिबिराला आले होते. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू. पण जाताना म्हणाले, "तुमच्याकडं नजर आहे, पण इथं विषय नाहीत. रस्ते रिकामे, रंग नाहीत. तुम्ही लोकांनी बाहेर पडायला पाहिजे."

आम्ही परत स्टेशनसमोर चहाला आलो. रेणुकाचे डोळे भरलेले होते. मास्तर मात्र असे तापले की चहा तसाच राहिला. म्हणाले, "आता कुठंबी जायचं न्हाई. प्रत्येकानं एक एक कोपरा धरायचा. बारा रविवार तोच कोपरा."

मला बस स्टॅंडजवळचा कोपरा आला. तिथं नीलम्मा नावाची बाई ज्वारीच्या भाकरी करून विकते. पहिल्या रविवारी तिनं माझ्याकडं बघितलं. तिसऱ्या रविवारी विचारलं, "काय शोधायलीस?" पाचव्या रविवारी विचारलं, "तुला घरदार न्हाई का?" आठव्या रविवारी पाऊस आला तेव्हा ताडपत्रीखाली बोलावून बसायला डबा दिला. त्या दिवशी मी चुलीपलीकडनं, ताडपत्रीच्या आतनं पहिल्यांदा तिची गिऱ्हाइकं बघितली. भाकरीसाठी पुढं आलेले हात, भिजलेली डोकी, धुरात मिचकावलेले डोळे. आठ आठवडे मी हे सगळं चुकीच्या बाजूनं बघत होते.

बाराव्या रविवारी एका गिऱ्हाइकानं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "ही कोण गं फोटोवाली?"

नीलम्मानं भाकरी थापता थापता, वर न बघता, कन्नडात सांगितलं, "इथलीच हाय ती."

*

आमचा एक नियम आहे. समोरच्यानं नको म्हटलं की फोटो त्याच्यासमोर पुसायचा. वाद घालायचा नाही.

मंठाळच्या बाजारात मी तिघांना घेऊन गेले होते, माझं माहेर म्हणून जरा मिरवायलाही. एक म्हातारी मिरचीच्या ढिगामागं बसली होती, नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण. रेणुकानं मोबाईलवर फोटो काढला. आम्ही चौघांनी बघितला आणि पुन्हा बघितला. एवढा चांगला होता.

म्हातारी म्हणाली, "मला न्हाई आवडत. पुसून टाक."

खाजाभाई कळवळला. "अम्मा, देखो तो सही एक बार."

"बघायचं न्हाई मला. पूस."

रेणुकानं डोळे मिटून पुसला आणि स्क्रीन तिच्यापुढं धरली. "बघा आजी, गेला."

आजीनं चष्मा नाकावर घेतला, मिरचीचं बोट लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "आता ते रिसेंटली डिलीटेड बी उघड."

*

कुणीतरी आमच्या साहेबांना कळवलं. सरकारी नोकरीतली बाई गल्लोगल्ली कॅमेरा घेऊन फिरते, माणसांचे फोटो गोळा करते, काय हेतू आहे कळत नाही. साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता.

"हे बंद करा बाई. बाईमाणसानं रस्त्यात उभं राहायचं, लोकांकडं टकामका बघायचं, बरं दिसतं का?"

मी विचारलं, "साहेब, कामात काही चूक झालीय का?"

"तसं न्हाई. पण लेखी खुलासा द्या."

घरी येऊन मी रडले, हेही सांगते. मग तोंड धुतलं आणि लिहायला बसले. खुलासा कन्नडात होता, त्याचं मराठी एवढंच: रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ मी रस्त्यावर असते. रस्त्यावर माणसं असतात. मी त्यांच्याकडे बघते. ज्यांना बघितलेलं चालत नाही त्यांचा फोटो मी पुसते. रस्त्यावर उभं राहून बघायला कोणत्या नियमानं बंदी आहे ते लेखी कळवावं, म्हणजे तसा विचार करीन.

साहेबांनी वाचला. परत वाचला. "हा काही खुलासा झाला न्हाई."

"मग दुसरा मला येत न्हाई साहेब."

दहा दिवस मला झोप लागली नाही. अकराव्या दिवशी कागद माझ्या टेबलावर परत आला. नियम नाही, शेरा नाही, ताकीद नाही. कोपऱ्यात साहेबांची सही, आणि सहीवर कन्नडात एकच शब्द: 'नोडिदे.'

म्हणजे, पाहिलं.

*

आमचे मोठे दीर अफजलपूरला असतात. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे, धोतर, टोपी, चार एकर ऊस. घरात त्यांच्या पुढं कुणी बोलत नाही.

एकदा सणाला गेले असताना मी सकाळी कॅमेरा घेऊन बस स्टॅंडवर गेले. सोलापूरच्या गाडीची वाट बघत बायका बसल्या होत्या, गाठोडी, उसाची कांडकी, मांडीवर लेकरं. मी खाली बसून फोटो काढत होते. बायका काहीतरी बोलून खिदळत होत्या. तेवढ्यात अप्पा तिथं आले. कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार.

"शारदा, काय करायलीस?"

"फोटो काढायलेय अप्पा."

"चल घरी. घरातली बाई स्टॅंडवर मांडी घालून बसलीय. उभं गाव बघायलंय."

"दोन-तीन राहिलेत. काढून येते."

माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. अप्पांना 'येते' म्हणून न उठायची ती पहिली वेळ. त्यांनी पुढं होऊन लेन्ससमोर हात आडवा धरला. मी बटण दाबलं.

फोटोत अप्पांचा पंजा आहे, नांगराच्या घट्ट्यांसकट. त्यामागं त्यांचा संतापलेला चेहरा. आणि त्यामागं सात बायका, पदर तोंडाला लावून हसणाऱ्या.

दोन दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. नवऱ्यानं हात जोडले. "मला मध्ये घेऊ नका."

पुढं आम्ही चौघांनी कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन करायचं ठरवलं. मास्तर तो फोटो घेऊन खिडकीच्या उजेडात गेले. म्हणाले, "सात वर्षांतला तुझा सगळ्यांत चांगला फोटो हाच. पण हात वर केला म्हणजे नको म्हणालेत ते. पूस, न्हाई तर विचार."

मी फोन लावला. 

"अप्पा, तुमचा तो स्टॅंडवरचा फोटो प्रदर्शनात लावू का? नको म्हणालात तर पुसते."

अप्पांनी खाकरून घेतलं. मग विचारलं, "त्यात मी कसा दिसायलोय?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण बोलले नाही. "रागात."

"मग लाव. रागात होतोच मी."

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी अप्पा आले. कुणाला न सांगता, पहिल्या बसनं, इस्त्रीचा सदरा घालून. बाकीच्या एकाही फोटोकडं बघितलं नाही. सरळ आपल्या फोटोजवळ गेले आणि तिथंच उभे राहिले. लोक फोटो बघायचे, मग अप्पांना बघायचे. एका बाईनं विचारलं, "हे काढलंय कुणी?"

अप्पा म्हणाले, "आमच्या घरातलीच हाय. ऐकत न्हाई."

दुपारी एक कॉलेजची मुलगी आली. फोटो बघितला, अप्पांना बघितलं आणि एकदम खूश झाली. "आजोबा, असेच उभे राहा. फोटोसोबत तुमचा एक काढते."

अप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ताठ उभे राहिले. तिनं मोबाईल वर धरला, तिच्यामागनं मी माझा कॅमेरा.

अप्पांनी हात वर केला. पंजा सरळ तिच्या मोबाईलसमोर. कपाळावर आठ्या, भिंतीवरच्या फोटोत होत्या अगदी तशाच.

"सॉरी आजोबा," म्हणून तिनं मोबाईल खाली घेतला.

मी माझा कॅमेरा खाली घेतला नाही.